राखणीची राखण

'योगक्षेम' हा शब्द आपल्या घरोघरीं परिचयाचा आहे. जें हातीं नाहीं तें मिळविणें हा योग आणि जें मिळालें आहे तें सांभाळणें हें क्षेम, असा त्याचा अर्थ भाष्यकारांनीं सांगितला आहे. संसारी माणसाची बहुतेक धडपड यांतील पहिल्या अर्ध्यासाठीं चालते. दुसऱ्याची आठवण संकट दारांत येऊन उभें राहिल्यावर होते. विमा हा या दुसऱ्या अर्ध्याचा आधुनिक कारभारी होय. परंतु मोटारीच्या विम्यांत एक चमत्कारिक गोष्ट घडते. तेथें क्षेम करतां करतां एक नवा योग साधतो आणि मग त्या योगाच्याही क्षेमाची चिंता उत्पन्न होते. वर्षभर कंपनीकडे कांहीं मागितलें नाहीं म्हणजे पुढील वर्षाच्या हप्त्यांत सवलत मिळते; हिलाच 'नो क्लेम बोनस' म्हणतात. ही सवलत वाढत वाढत निम्म्यावर येते. मग ती हातची जाऊं नये म्हणून, आणखी थोडे पैसे द्याल तर तिचेंही रक्षण करूं, असें कंपनी म्हणते. म्हणजे गाडीला राखण आणि त्या राखणीला पुन्हां राखण!

ही दुसरी राखण ठेवावी कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या एडवण गांवच्या एका गृहस्थांनीं नुकताच विचारला. त्यांचा मुलगा बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस असून रोज मोटारीनें जातो-येतो. पॉलिसीच्या नूतनीकरणाचा कागद आला, त्यांत 'एनसीबी प्रोटेक्ट' या नांवाखालीं एक निराळी रक्कम मांडलेली होती. "मास्तर, ही काढून टाकूं कीं राहूं देऊं?" एवढेंच त्यांचें विचारणें. असे कागद आतां सुशिक्षित कुटुंबांत दरसाल येतात, आणि पुष्कळ ठिकाणीं ती रक्कम न वाचतांच भरली जाते किंवा न वाचतांच खोडली जाते. म्हणून या महिन्यांत त्याच प्रश्नाचा विचार करूं.

प्रथम सवलतीचें स्वरूप पाहिलें पाहिजे. एक वर्ष क्लेमवांचून गेलें कीं २० टक्के, लागोपाठ दोन गेलीं कीं २५, तीन गेलीं कीं ३५, चार गेलीं कीं ४५ आणि पांच गेलीं कीं ५० टक्के अशी ही शिडी आहे. पन्नासाच्या वर ती चढत नाहीं. एक क्लेम केला कीं पुढील वर्षीं सवलत शून्यावर येते आणि पुन्हां पहिल्या पायरीवर पाय ठेवावा लागतो. मोक्षपटाच्या खेळांत वरच्या घरांतला साप गिळून थेट तळाशीं आणून सोडतो, त्यांतलाच हा प्रकार.

ही सवलत सगळ्या हप्त्यावर मिळत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें. हप्त्याचे मुख्य भाग दोन. आपल्या गाडीमुळें तिऱ्हाइतास जी इजा किंवा हानि होईल तिच्यासाठीं एक, आणि आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीं दुसरा. पहिला भाग सक्तीचा आहे. ती सक्ती १९३९ च्या मोटार कायद्यानें आणली आणि आज ती १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमाखालीं चालू आहे. त्याचा दर सरकार ठरवितें व त्यांत बोनस नाहीं. बोनस मिळतो तो दुसऱ्या भागांत, ज्याला पॉलिसीवर 'ओन डॅमेज' असें म्हटलेलें असतें. तेव्हां "माझा हप्ता निम्मा झाला" असें जो म्हणतो त्यानें आपला कागद पुन्हां एकदां वाचावा.

आतां एका गैरसमजाबद्दल. हा बोनस चांगली गाडी चालविल्याचें बक्षीस आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. तो केवळ न मागितल्याचा मोबदला आहे. आमच्या किनाऱ्यावरचेंच उदाहरण घ्या. एडवण, केळवें, दातिवरें या बाजूला नारळी-पोफळींच्या वाड्यांतून अरुंद रस्ते जातात आणि गाडी बहुधा माडाखालींच उभी करावी लागते. माडाला पॉलिसी वाचतां येत नाहीं. झावळी पडली, नारळ पडला, बॉनेट चेपलें, कांच फुटली, तर त्यांत चालकाचा अपराध कोणता? मे २०२१ मध्यें 'तौक्ते' चक्रीवादळ आमच्या समुद्रावरून उत्तरेस गेलें. तशा वाऱ्यांत ज्याच्या गाडीवर झाड कोसळलें त्यानें तरी काय करावें? तरीही त्या नुकसानीसाठीं क्लेम केला कीं सवलत जाते. दोष कोणाचा हें विचारलें जात नाहीं. उलट, एखाद्यानें गडग्याला गाडी घासली आणि गॅरेजचें बिल मुकाट्यानें खिशांतून दिलें, तर त्याची सवलत जशीच्या तशी राहते. सावध माणसालाही या रक्षणाचा विचार करावा लागतो तो याचमुळें. खाऱ्या वाऱ्यानें पत्र्यावर चढणारा गंज मात्र झीज समजला जातो. तो विम्याच्या बाहेरच असल्यानें त्याच्यासाठीं क्लेमची गोष्टच नको.

आतां हिशेब. खडू सुटला तरी संवय सुटत नाहीं, म्हणून तो सावकाश मांडतों. समजा, सवलत वजा करण्यापूर्वीं स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे. ज्याची सवलत ५० टक्के झाली आहे तो ६,००० भरतो. त्यानें रक्षण घेतलें नाहीं आणि क्लेम केला. पुढील वर्षीं त्याला पुरे १२,००० भरावे लागतील. नंतर क्रमानें ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६००. आणि सहाव्या वर्षीं तो पुन्हां ६,००० वर येईल. दरसाल ६,००० च्या मानानें त्यानें जादा काय भरलें? ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. एकूण १५,००० रुपये. म्हणजे मूळ हप्त्याच्या सव्वापट. एका क्लेमची ही खरी किंमत होय, आणि ती एका वर्षांत दिसत नाहीं म्हणूनच लोकांच्या लक्षांत येत नाहीं.

हीच बेरीज प्रत्येक पायरीसाठीं केली तर मूळ हप्त्याच्या दर शंभर रुपयांमागें रक्षणाचें मोल असें निघतें: सवलत २० टक्के असतां ५० रुपये, २५ असतां ८० रुपये, ३५ असतां १०५ रुपये, ४५ असतां १२० रुपये आणि ५० असतां १२५ रुपये. येथें मीं तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. रक्षण असतां क्लेमनंतर सवलत आहे त्या पायरीवर राहते व मग नेहमीप्रमाणें चढते, पुढील पांच वर्षांत दुसरा क्लेम होत नाहीं, आणि मूळ हप्ता तोच राहतो. प्रत्यक्षांत गाडीची विम्यासाठीं धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, वर्षागणिक उतरते. दुसऱ्या वर्षांतील गाडीस २० टक्के आणि पांचव्या वर्षांतील गाडीस ५० टक्के घट धरतात. त्यामुळें तोटा याहून कांहींसा कमी भरेल. अठरा टक्के जीएसटी दोन्ही बाजूंस सारखाच लागत असल्यामुळें तो वेगळा मांडला नाहीं. या आंकड्यांतून एक बोध सहज होतो. पहिल्या पायरीवर उभा असलेला पडला तर थोडेंच लागतें आणि वरच्या पायरीवरचा पडला तर फार लागतें. म्हणून वीस टक्केवाल्यानें आणि पन्नास टक्केवाल्यानें एकच सल्ला घेऊं नये.

दुसरी गोष्ट भरपाईची. कंपनीकडून मिळणारी भरपाई म्हणजे गॅरेजचें बिल नव्हे. प्रत्येक क्लेममधून ठराविक रक्कम आधींच वजा होते. पंधराशें सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस ती १,००० रुपये व त्यापुढील मोटारीस २,००० रुपये आहे. शिवाय प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी अशा भागांची निम्मीच किंमत मिळते. ज्यानें 'झिरो डेप' हें जोडकलम घेतलें असेल त्याची गोष्ट निराळी. समजा बंपर मोडला आणि बिल १६,००० झालें. त्यांत प्लॅस्टिकचे भाग ८,००० व मजुरी ८,००० असें धरूं. कंपनी पहिल्याचे ४,००० आणि दुसऱ्याचे ८,००० मिळून १२,००० धरील आणि त्यांतून १,००० वजा करून ११,००० देईल. वरील पन्नास टक्केवाल्यानें रक्षणावांचून हा क्लेम केला तर अकरा हजार घेण्यासाठीं त्याला पुढें पंधरा हजार गमवावे लागतील. तेव्हां त्यानें बिल स्वतः द्यावें, हेंच शहाणपण. पण रक्षण असेल तर तेच अकरा हजार त्याला निर्वेध मिळतात.

यावरून सूत्र असें बसतें: भरपाईची रक्कम आणि सवलत गेल्याचा तोटा या दोहोंत जी रक्कम लहान, तितकाच रक्षणाचा लाभ. नुकसान साठ हजारांचें असो वा दोन लाखांचें, रक्षणानें वांचतील ते पंधरा हजारच. बाकीचे मूळ विम्यानेंच मिळावयाचे होते. नुकसान तीन हजारांचें असेल तर रक्षणाचा लाभही तीन हजारांहून अधिक नाहीं, आणि तेवढ्यासाठीं वर्षाचा राखलेला क्लेम खर्च करणें बरें नव्हे. आतां रक्षणाची वार्षिक किंमत समजा १,००० रुपये आहे. पन्नास टक्केवाल्याला पंधरा वर्षांत एकदां तरी मोठा क्लेम करावा लागेल असा संभव असला तर जमाखर्च बरोबर बसतो. वीस टक्केवाल्याचा लाभ फार तर ६,००० म्हणून त्याला सहा वर्षांत एकदां अपघात व्हावा लागेल. आणि त्यासाठीं तर कोणी देवाला नवस बोलत नाहीं! पॉलिसीवरील आंकडे प्रत्येकाचे निराळे असतील. मूळ हप्ता, आपली पायरी आणि रक्षणाची किंमत एवढीं तीन अंगें आपल्या कागदावरून घ्यावीं, म्हणजे उत्तर आपलें आपल्यालाच मिळेल.

परंतु रक्षण म्हणजे नेमकें कशाचें रक्षण, हें न पाहतां हिशेब पुरा होत नाहीं. राखली जाते ती टक्केवारी. रुपये राखले जात नाहींत. पूर्वीं मोटारीच्या विम्याचे दर एका टॅरिफनें बांधलेले असत. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर मोकळे झाले. सवलतीच्या पायऱ्या त्याच राहिल्या, पण ती सवलत ज्या रकमेवर मिळावयाची ती रकम कंपनी आपल्या अनुभवाप्रमाणें ठरवूं शकते. क्लेमनंतर मूळ हप्ताच १२,००० चा १४,००० झाला, तर पन्नास टक्के शाबूत राहूनही माणूस ६,००० च्या जागीं ७,००० भरील, आणि रक्षणाच्या कलमाचा त्यांत कांहीं भंग झालेला नसेल. इंग्लंडांत या रक्षणाची चाल पुष्कळ जुनी आहे. तेथील स्पर्धा-नियामक मंडळानें २०१४ सालीं खासगी मोटार विम्याची चौकशी पुरी केली तेव्हां हाच मुद्दा पुढें आला. त्यानंतर, रक्षण घेतल्यानें हप्ता वाढणार नाहीं असें नव्हे, हें विकतेवेळीं ग्राहकास स्पष्ट सांगावें असा दंडक तेथें झाला. तेथें एका क्लेमनें सवलत बहुधा कांहीं पायऱ्याच उतरते, आपल्याप्रमाणें शून्यावर येत नाहीं. त्या दृष्टीनें पाहतां आपल्याकडे रक्षणाला अधिक अर्थ आहे, असेंच म्हणावें लागेल.

याखेरीज अटी असतात. वर्षांत एकच क्लेम माफ, किंवा फार तर दोन. नूतनीकरण त्याच कंपनीकडे केलें पाहिजे. गाडी अमुक वर्षांहून जुनी नसावी. गाडी चोरीस गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर हें कलम लागू नाहीं. अशा प्रकारचीं बंधनें निरनिराळ्या कंपन्यांच्या कागदांत आढळतात. तीं विकणाऱ्याच्या तोंडून ऐकूं नयेत, छापलेल्या शब्दांतून वाचावीं. एका कंपनीकडे क्लेम करून दुसरीकडे "गेल्या वर्षीं क्लेम नाहीं" असें लिहून देण्याची युक्ति कोणी कोणी सुचवितात. तिच्या वाटेस जाऊं नये. खोटें निवेदन उघडकीस आलें म्हणजे स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे सारे हक्क बुडतात, आणि तें उघडकीस येतें तें नेमकें गरजेच्या वेळीं. चिखलांत पाय घालून मग धुवीत बसण्यापेक्षां त्यापासून दूर राहावें, हा पंकप्रक्षालनन्याय आपण मुलांना शिकवितों; तो आपणही पाळावा.

कोणत्याही जोडकलमानें राखली जात नाहीं, पण फुकट राखतां येते, अशीही एक बाजू आहे. पॉलिसीची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालें नाहीं तर सारी सवलत जाते, मग पांच वर्षांत एक रुपयाही मागितलेला नसो. म्हणून ती तारीख घरच्या पंचांगावर सणावारांच्या रांगेंत लिहून ठेवावी. सवलत गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तर ती घेणाऱ्याकडे जात नाहीं. कंपनीकडून तसा दाखला घेऊन ठेवला तर तीन वर्षांच्या आंत आपल्याच दुसऱ्या गाडीस लावतां येते. आणि एक गोष्ट विशेषेंकरून भगिनींच्या ध्यानांत असावी. विमेदार निवर्तला आणि गाडी पत्नीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे आली, तर त्याची सवलतही त्यांच्याकडे येते. दुःखाच्या दिवसांत असे कागद कोण पाहतो? दिवसकार्य, बँक, पेन्शन यांत तीन महिने निघून जातात, आणि गेलेल्या माणसानें वर्षानुवर्षें जपून ठेवलेली गोष्ट कोणाच्या नकळत बुडते. घरांतल्या एका तरी दुसऱ्या माणसाला हा नियम ठाऊक असणें, हें कोणत्याही विकत घेतलेल्या रक्षणापेक्षां मोलाचें आहे.

शेवटीं एक गोष्ट पैशांच्या पलीकडची. बोनस जपण्याचा लोभ कांहीं माणसांत इतका वाढतो कीं विमा असून ते त्याचा उपयोग करीत नाहींत. साठ हजारांचें नुकसान उसने पैसे काढून भरतात आणि पन्नास टक्के वांचविल्याचें समाधान मानतात. संकटासाठीं पुरलेला हंडा संकटांतही न उकरण्यासारखें हें आहे. त्याहून वाईट म्हणजे, रस्त्यांत कोणास धक्का लागला असतां "क्लेमची भानगड नको" म्हणून कोणी कोणी निघून जाण्याची घाई करतात. जखमीस उपचार मिळवून देणें, पोलिसांस चोवीस तासांच्या आंत वर्दी देणें आणि विमा कंपनीस कळविणें हीं चालकाचीं कर्तव्यें १९८८ च्या कायद्याच्या १३४ व्या कलमांत सांगितलीं आहेत. तिऱ्हाइताच्या भरपाईचा भाग निराळा आहे, सवलत त्या भागांतली नाहीं. तेव्हां भीति व्यवहारानेंही खोटी ठरते. पण तसें नसतें तरी, दुसऱ्याच्या हाडामांसासमोर आपली टक्केवारी आठवावी हें सुशिक्षितास शोभत नाहीं.

आतां त्या गृहस्थांस दिलेलें उत्तर. जुन्या गाडीवर मिळविलेली पन्नास टक्के सवलत मुलाच्या नांवानें दोन वर्षांच्या नव्या गाडीवर आलेली आहे. मूळ हप्ता बराच आहे. केळवें, माहीम, पालघर करीत बोईसरपर्यंत रोजची धांव. पावसाळ्यांतले खड्डे, सुटीच्या दिवसांची प्रवाशांची गर्दी आणि कारखान्यांच्या अवजड वाहनांची सोबत. अशा गाडीस, अटी वाचून, किंमत बेताची असेल तर हें रक्षण जरूर घ्यावें. पण महिन्यांतून दोनदां सफाळें स्टेशनापर्यंत जाणारी आणि एरव्हीं ओटीसमोर झांकून ठेवलेली, वीस टक्क्यांवरची गाडी ज्यांची आहे, त्यांनीं तेच पैसे पेटींत टाकावे. जिची किंमत उतरून मूळ हप्ता तीन हजारांवर आला आहे अशा जुन्या गाडीसाठीं तर विचारही करूं नये. तिच्या बाबतींत फार तर पावणेचार हजार वांचावयाचे. तेवढ्यासाठीं दरसाल वर्गणी कशाला?

नूतनीकरणाचा कागद येईल तेव्हां घरांतील मंडळींनीं एकत्र बसून पाटीवर एकच आंकडा काढावा. मूळ हप्ता घ्यावा, आपल्या पायरीपुढें वर दिलेल्या रुपयांनीं गुणावा, शंभरांनीं भागावा. आलेली रक्कम हिशेबाच्या वहींत, गाडीच्या पानावर, ठळक लिहून ठेवावी. रक्षण नसेल तर तिच्याहून लहान भरपाईसाठीं कंपनीकडे जाऊं नये. आणि भरपाई तिच्याहून मोठी असेल त्या दिवशीं बोनसकडे न पाहतां, संकोच न करतां क्लेम करावा. विमा त्याच दिवसासाठीं घेतलेला असतो.